आधी महिना ठरवा, मग ठिकाण

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुढची पाच-सहा वर्षं दरवर्षी एक मोठी सुट्टी काढून जगातली निसर्गाची थोर ठिकाणं पाहायची आहेत. 'आयुष्यात एकदा तरी पाहावीत' छापाच्या याद्या वाचून डोकं गरगरायला लागलं आहे. सुरुवात कुठून करू? कुठलं ठिकाण खरंच कौतुकाला जागतं आणि कुठलं फोटोतच बरं? काही सहलींना सोबत सत्तरीची आई असेल. तिचे गुडघे कुरकुरतात, पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त आहे."

मी भूशास्त्र शिकलो आणि पुढे निसर्ग-अभ्यास सहली नेण्यातच रमलो. त्या अनुभवावरून सांगतो: त्या याद्या आधी मिटून ठेवा. त्यांत ठिकाणांची नावं असतात, महिने नसतात. सहलीत सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे "एवढं नाव ऐकलं होतं, हे तर काहीच नाही." चौकशी केली की बहुतेक वेळा कळतं, ठिकाण बरोबर होतं, महिना चुकला होता. काही ठिकाणी महिन्याच्या जागी तिथी चुकते, काही ठिकाणी दिवसाचा प्रहर. म्हणून तुमची सुट्टी कुठल्या महिन्यात मिळते ते आधी सांगा, मग ठिकाण निघेल. उलट्या क्रमाने गेलात तर विमानाचं तिकीट काढून झाल्यावर समजतं की धबधब्याला पाणीच नाही.

धबधब्यावरूनच सुरू करू, कारण यात लोक सगळ्यात जास्त फसतात. झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा घ्या. झांबेझी नदी सुमारे १७०० मीटर रुंदीच्या कड्यावरून १०८ मीटर खोल फटीत कोसळते. आकडे बारमाही तेच, दृश्य मात्र दर महिन्याला वेगळं. मार्च ते मे नदी भरून वाहते, आणि एप्रिलच्या आसपास तुषारांचा असा पडदा उभा राहतो की समोरच्या वाटेवरून चालताना धबधबा दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. चिंब भिजायचं, कानठळ्या बसवून घ्यायच्या आणि पांढऱ्या धुक्याचे फोटो घेऊन परतायचं. याउलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा मोठा भाग कोरडा पडतो, काळा बेसॉल्ट उघडा पडतो आणि झिम्बाब्वेच्या बाजूच्या मुख्य धारा तेवढ्या चालू राहतात. ज्याला 'धबधबा पाहायचा' आहे त्याने जून ते ऑगस्ट जावं: पाणी भरपूर आणि पडदा विरळ.

पण तो कोरडा हंगाम मला स्वतःला फार आवडतो, आणि त्याला कारण आहे. स्कॉटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पोचला, म्हणजे ऐन उतरत्या पाण्यात. म्हणूनच त्याला कड्याच्या ओठावरच्या बेटावर होडी लावून खाली डोकावता आलं. एप्रिलमध्ये ते जमलं नसतं. त्या हंगामात पाण्याखालचा खडक दिसतो आणि धबधबा तयार कसा झाला ते वाचता येतं. हा लाव्ह्याचा खडक आहे, थंड होताना त्यात पूर्व-पश्चिम लांबलचक भेगा पडल्या. नदी एका भेगेत सापडते, ती कोरून खोल करते, मग हळूहळू वरच्या अंगाला सरकत पुढची भेग धरते. धबधब्याच्या खालच्या बाजूला नागमोडी घळींची रांग लागते ती याचमुळे: त्यातली प्रत्येक आडवी घळ म्हणजे एकेकाळचा धबधबा. आजच्या धबधब्याच्या पश्चिम टोकाला पाणी सगळ्यात खोल कापतंय, आणि पुढची भेग तिथूनच फुटायला लागली आहे. हे सगळं धो-धो पाण्यात दिसत नाही.

एवढं लांबण लावलं, कारण बाकीच्या धबधब्यांचं गणितही असंच मांडायचं असतं. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा ९७९ मीटर उंच, जगातला सगळ्यात उंच. पावसाळा संपून गेला की त्याची धार इतकी बारीक होते की खाली पोचण्याआधीच वाऱ्यात विरते. शिवाय पायथ्याशी होडीने जावं लागतं आणि नदीत होडी चालायला पाणी हवं, म्हणून जून ते नोव्हेंबरच. न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे पाऊस लागला म्हणून लोक हिरमुसतात. खरं तर आनंद मानायला हवा, कारण त्या सरळसोट ग्रॅनाइटसारख्या कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे फक्त पावसातच सुटतात आणि उघडीप झाली की काही तासांत नाहीसे होतात. अर्जेंटिना-ब्राझीलच्या सीमेवरचा इग्वासू मात्र बऱ्यापैकी भरवशाचा. पावणेतीन किलोमीटरच्या अर्धगोलात सुमारे पावणेतीनशे धारा, आणि पाणी कमी झालं तरी डोळे दिपतातच. त्याच्याकडे परत येतो, तुमच्या आईंच्या संदर्भात.

आता असं एक ठिकाण, जिथे ऋतूंचं साधं गणित उलटं चालतं. बोट्स्वानातला ओकावांगो हा नदीचा त्रिभुज प्रदेश आहे, पण समुद्राकाठी नाही, कालाहारी वाळवंटाच्या पोटात. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेलं ते हजारावं ठिकाण. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरात, डिसेंबर ते फेब्रुवारी. जमिनीला उतार इतका नाममात्र की ते पाणी पसरत, पाणवनस्पतींतून गाळत, महिने घेत खाली येतं. पूर चढतो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे स्थानिक पावसाळा केव्हाच संपून आजूबाजूचं रान वाळून खडखडीत झाल्यावर. त्यामुळे लांबलांबचे हत्ती, म्हशी, हरणं सगळी पाण्यापाशी ओढली जातात. समुद्र त्या नदीला कधी भेटत नाही, पाणी ऊन आणि झाडं पिऊन टाकतात. 'पावसाळ्यानंतर लगेच जाऊ, हिरवंगार असेल' असा नेहमीचा हिशेब करून मार्चमध्ये गेलात तर प्राणी चारी दिशांना पांगलेले असतात.

वन्यजीवांची दुसरी मोठी जागा सेरेंगेटी. टांझानिया-केनियातलं ते प्रसिद्ध स्थलांतर म्हणजे दहा लाखांहून जास्त विल्डेबीस्ट (बैलासारखी दिसणारी मोठी हरणं), सोबत लाखोंनी झेब्रे आणि गॅझेल हरणं. हा कळप वर्षभर गोल फिरत असतो. त्यामुळे 'स्थलांतर कधी असतं' हा प्रश्न चुकतो, 'या महिन्यात कळप कुठे असतो' असं विचारायचं. जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेला मारा नदी ओलांडताना तो सापडतो, आणि टीव्हीवर जे दिसतं ते हेच. टीव्हीवर दिसत नाही ते सांगतो: तासन्‌तास उभं राहणं. कळप काठाशी येतो, पुढचे पाणी हुंगतात, मागचे ढकलतात, आणि कुठल्याशा चाहुलीने सगळे धूळ उडवत माघारी. पलीकडे गाड्यांची रांग. बेशिस्त गाड्या वाट अडवतात म्हणून कळप आणखी बिचकतो. दिवसभर थांबून काहीच घडलं नाही, असंही होतं.

मला विचाराल तर फेब्रुवारी. तेव्हा कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतो आणि काही आठवड्यांच्या आत माद्या एकदम वितात. मैदान तेच का निवडतात? शेजारच्या ज्वालामुखींची राख तिथे साचली आहे, त्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दुधाला उपयोगी. शिवाय झाडी नसल्याने शिकारी लांबून दिसतो. गाडी बंद करून एखादी अवघडलेली मादी दुर्बिणीत धरून ठेवा. वासरू जमिनीवर पडतं, ओलं, पाय चार दिशांना. उठायला जातं, पुढचे गुडघे दुमडतात, नाक मातीत. पुन्हा उठतं, मागचा भाग वर येतो आणि पुढचा पडतो. आई चाटते आणि मधूनमधून मान वर करून पाहते. काही मिनिटांत ते उभं राहतं, आणि आणखी थोड्या वेळात आईच्या बरोबरीने पळायला लागतं. पळालं नाही, तर तरस फार दूर नसतोच. नदी ओलांडण्याच्या आरडाओरड्यापेक्षा हे पाहिलेल्यांना जास्त आठवतं, असं माझं निरीक्षण आहे. जाताना वाटेत एन्गोरोंगोरो लागेल: कोसळलेल्या ज्वालामुखीचं सुमारे सहाशे मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर तळाचं विवर, आणि आत हत्तींपासून गेंड्यांपर्यंत प्राणी. ते चुकवू नका.

बोलिव्हियातलं सालार दे उयुनी, जगातलं सगळ्यात मोठं मिठाचं मैदान, हे एकाच नावाखाली दोन ठिकाणं आहेत. जानेवारी ते मार्च पावसाचा पातळ थर साचतो आणि दहा हजार चौरस किलोमीटरचा आरसा होतो. मैदान इतकं सपाट आहे की उपग्रहांची उंची मोजणारी यंत्रं पडताळायला ते वापरलं गेलं आहे. फोटो याच आरशाचे प्रसिद्ध आहेत. पण मे ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत तिथे जे असतं त्याला मी जास्त गुण देतो. मिठाचा थर सुकताना पंचकोनी-षटकोनी चकत्या पडतात. खालचं खारं पाणी त्यांच्या कडांतून वर येतं, सुकतं, आणि प्रत्येक चकतीला बोटभर उंचीची मिठाची कड बसते. गुडघ्यावर बसून ती कड पाहा: वरून पांढरी भुसभुशीत, जवळून बारीक घनाकृती खड्यांची, आणि तिरप्या उन्हात एका अंगाला निळसर सावली. नजर वर केली की तीच नक्षी क्षितिजापर्यंत. कोरड्या दिवसांत निवडुंगांचं इंकावासी बेटही गाठता येतं. पाणी जास्त असलं की गाड्या तिथवर जात नाहीत. एक अडचण: उंची सुमारे ३६५० मीटर. थेट विमानाने जाऊन दुसऱ्या दिवशी धावपळ केलीत तर डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं हे ठरलेलं. आधी सुमारे २८०० मीटरवरच्या सुक्रे शहरात दोन-तीन रात्री काढा. ला पाझमध्ये थांबून काही साधत नाही, ते स्वतःच तेवढंच उंच आहे.

महिन्याऐवजी तासाचा हिशेब करायला लावणारी जागा म्हणजे कॅनडातला फंडीचा उपसागर. भरती-ओहोटीतला फरक जिथे जगात सगळ्यात जास्त, १६ मीटरपर्यंत जातो, ती ही जागा. चंद्र तर सगळीकडे एकच, मग इथेच एवढं पाणी का चढतं? झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकललं की तो उंच जातो, तसं आहे. या उपसागराची लांबी-खोली अशी जुळून आली आहे की आतलं पाणी एकदा पुढे-मागे व्हायला लागणारा काळ आणि समुद्राच्या भरतीचा काळ जवळपास एक आहे, त्यामुळे प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्याला रेटा देते. होपवेल रॉक्सला ओहोटीच्या आगेमागे काही तास समुद्राच्या तळावर चालता येतं, चार-पाच मजली उंचीच्या खडकांच्या बुंध्याशी. मग सहा तास काढायचे. त्याच जागी कयाक चालते आणि खडकांचे फक्त शेंडे वर. जाऊन अर्ध्या तासात फोटो काढून निघणाऱ्यांना यातलं अर्धंच दिसतं. भरतीचं वेळापत्रक आधी पाहा आणि दोन्ही टोकं एकाच दिवसाच्या उजेडात बसतील असा दिवस निवडा.

तिथीचं म्हणाल तर दोन ओळींत: व्हिक्टोरियाचं चांद्र इंद्रधनुष्य हवं असेल तर भरल्या नदीची पौर्णिमा, आणि आकाशगंगा पाहायला वाळवंटात जायचं असेल तर अमावास्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळ वर्षातून एकदाच, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, एकाच वेळी अंडी-शुक्राणू सोडतात. पाण्यात गुलाबी बर्फ वर चढतोय असं ते दिसतं. रीफबद्दल एक कटू गोष्टही सांगायला हवी. समुद्र तापल्यामुळे २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. काही पट्टे सावरतात, काही नाही. यादीत ते वरच्या अंगाला घ्या.

हिमनद्यांचंही तेच. आइसलँडमधली ओक्योकुल इतकी विरघळली की २०१४ मध्ये तिला हिमनदी म्हणणंच थांबवलं गेलं आणि २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक बसला. अर्जेंटिनातली पेरितो मोरेनो बराच काळ तग धरून होती, अलीकडे तीही मागे हटते आहे. बर्फाच्या भिंतीतून कडाडून तुकडा सुटतो आणि आवाज पोचेपर्यंत तो पाण्यात पडलेला असतो, हे पाहायला तिथे पायऱ्या-पुलांची चांगली सोय आहे. कडा, दऱ्या, दगड थांबतील. बर्फ आणि प्रवाळ थांबणार नाहीत. तुमच्या क्रमात हा निकष माझ्या दृष्टीने सगळ्यात जड.

आता दगडांकडे येतो, म्हणजे माझ्या विषयाकडे. इथे महिन्याचं महत्त्व कमी होतं आणि किती आत शिरता याचं वाढतं. ग्रँड कॅन्यनला येणारे बहुतेक लोक काठावर येतात, कठड्याला टेकतात, "बापरे" म्हणतात आणि निघतात. त्यांना ते 'फोटोसारखंच' वाटतं, आणि ते चूक नाही: काठावरून डोळ्याला अंतराचा अंदाजच येत नाही, सगळं सपाट पडद्यासारखं दिसतं. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून जास्त खोल दरी समजायला थोडं तरी खाली उतरावं लागतं. पाऊण तासाचं उतरणं पुरतं. काठावरचा फिकट चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथून प्रत्येक वळणावर तुम्ही काळात मागे जाता: लाल, पिवळे, पुन्हा लाल थर. तळाशी काळपट, चुरगळलेला रूपांतरित खडक, १७० कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याच्या डोक्यावर थेट बसलेला वाळूचा खडक आहे सुमारे ५० कोटी वर्षांचा. मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं त्या जागी गायब. त्या काळात जे साचलं असेल ते झिजून गेलं आणि वर नवा समुद्र आला. दरीच्या आतल्या काही ठिकाणी हा सांधा छातीच्या उंचीवर येतो आणि पंजा आडवा ठेवला की एक बोट एका खडकावर, दुसरं दुसऱ्यावर. काठावरूनही तो दाखवता येतो: उभट काळे कडे संपतात आणि आडव्या थरांची पहिली सपाट पायरी सुरू होते ती रेघ दुर्बिणीने शोधा. एकदा सापडली की मग दुसरं काही दिसत नाही.

उतरताना एक हिशेब ठेवा: चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायचा. डोंगर चढताना दमलेला माणूस परत फिरतो, इथे दमतो तेव्हा सगळी चढण पुढे शिल्लक असते. उन्हाळ्यात तळाशी चाळीस अंशांच्या वर तापतं, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार वाटेवर असूच नका. खरं तर दक्षिण काठावर हिवाळ्यात जा. तो वर्षभर उघडा असतो, बर्फ पडून थरांच्या कडा पांढऱ्या रेषेने उठून दिसतात आणि गर्दी निम्म्याने जाणवते.

बाकी दगडांबद्दल भराभर. ऑस्ट्रेलियातला उलुरू: वर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे आणि ते उत्तम झालं, कारण तिथल्या मूळच्या अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा, आणि तसंही पाहण्यासारखं सगळं खालीच आहे. साडेनऊ किलोमीटरच्या घेराभोवती पहाटे चालायला सुरुवात करा. लाल रंग वरच्या गंजाचा, गुहांच्या आत मूळचा राखाडी खडक दिसतो. उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे, सुमारे चाळीस हजार षटकोनी खांब: सुंदर, पण निव्वळ त्यासाठी तेवढ्या लांब जाऊ नका. तसेच खांब कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर आहेत, पावसाळा सोडून केव्हाही जा. अशनीपाताचं विवर पाहायचं तर ॲरिझोनाचं रेखीव आहे, पण ते कोरडं आणि कुंपणातलं. लोणार त्याहून रुंद, सुमारे १.८ किलोमीटर, बेसॉल्टमध्ये कोरलेलं, आत खारं अल्कधर्मी सरोवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

फोटोतच बरं काय, हेही विचारलंत. पहिलं नाव उत्तर ध्रुवीय प्रकाशाचं घेतलं तर लोक रागावतात, म्हणून नीट सांगतो. तो भव्य असतो, पण कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो आणि आपला डोळा अंधुक उजेडात रंग फारसे ओळखत नाही. साधारण रात्री तुम्हाला दिसेल तो करडा-हिरवट पट्टा, हळू सरकणारा. जोराची रात्र मिळाली तर हिरवा-गुलाबी नाच उघड्या डोळ्यांनी दिसतो आणि मग शब्द सुचत नाहीत. ती मिळवायला सप्टेंबर ते मार्चमध्ये एका जागी निदान पाच-सहा रात्री लागतात, कारण अर्ध्या रात्री ढगच खातात. दोन रात्रींची सहल म्हणजे जुगार. दुसरं, अमेरिकेतल्या यलोस्टोनमधला ग्रँड प्रिझमॅटिक झरा. आकाशातून काढलेल्या फोटोत निळा डोळा आणि नारिंगी पापण्या. लाकडी वाटेवर त्याच्या शेजारी उभं राहिलात की गार सकाळी फक्त वाफ. शेजारच्या टेकडीवरच्या सज्जावर भर दुपारी जा, मग रंग दिसतात: मध्ये पाणी इतकं कढत की रंगीत सूक्ष्मजीव जगत नाहीत म्हणून निळं, कडेला जसजसं निवतं तसतसे पिवळे, नारिंगी, तपकिरी पट्टे. थायलंडच्या माया बेचं काय झालं तेही ठाऊक असू द्या: गर्दीने प्रवाळ मेले, २०१८ मध्ये किनारा बंद केला, २०२२ मध्ये नियमांसह उघडला, मधल्या काळात शार्क परतले. आता होड्या आतल्या पाण्यात येत नाहीत. असे नियम दिसले की वैतागू नका, त्यांच्यामुळेच पाहायला काही उरतं.

जिवाशी गाठ असलेल्या तीन गोष्टी, कारण या ठिकाणी माणसं मरतात ती नुसती कड्यावरून पडून नाही, अंदाज चुकूनही. अरुंद घळीत शिरताना डोक्यावरचं आकाश पाहून उपयोग नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनाच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा जण वाहून गेले, पाऊस कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला पडला होता. तिथे आता तिथल्या मूळच्या नावाहो जमातीच्या वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि तो नको म्हणाला की वाद घालायचा नाही. दुसरं, गरम झऱ्यांच्या प्रदेशात लाकडी वाट सोडायची नाही. बाजूची जमीन घट्ट दिसते, पण ती पातळ पापुद्रा असते आणि खाली उकळतं पाणी. तिसरं, आइसलँडच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. दहा शांत लाटांनंतरची अकरावी कंबरेएवढी येते आणि बाहेर खेचते. लाल दिवा लागला असेल तर वाळूवर उतरूच नका.

तुमच्या क्रमाबद्दल. वर्षाला एक सहल आणि एका सहलीत एकच ठिकाण, फार तर दोन, तेही शेजारचे. पहिल्या वर्षी रीफ किंवा पेरितो मोरेनो, जी सुट्टीत बसेल ती: रीफला जून ते ऑक्टोबर, कारण नोव्हेंबरपासून विखारी जेलीफिश येतात आणि दृश्यमानताही घटते, पेरितो मोरेनोला नोव्हेंबर ते मार्च, तिकडचा उन्हाळा. प्रवाळांची ती रात्र हवीच असेल तर जेलीफिशरोधक अंगभर पोशाख घालून त्या पौर्णिमेला जा. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीची सेरेंगेटी. मे-जूनचीच सुट्टी मिळत असेल तर जूनअखेरचा ओकावांगो आणि त्याला जोडून व्हिक्टोरिया, दोन्ही त्या दिवसांत चांगले आणि अंतर थोडं. ग्रँड कॅन्यन डिसेंबरात केव्हाही. उयुनी तुम्ही एकटे असाल त्या वर्षी.

कारण आईंना उंचीचा त्रास देऊ नये. तो कुणाला होईल हे वय किंवा गुडघे यांवर ठरत नाही, तरी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना ३५०० मीटरवर झोपायला नेऊ नका. त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीचं सेरेंगेटी-एन्गोरोंगोरो, सगळं गाडीत बसून दिसतं. रस्ता खडबडीत असतो, म्हणून गाडीतली मधली जागा द्या, मागची नको, आणि लांब पल्ला दोन दिवसांत तोडा. इग्वासूला ब्राझीलच्या बाजूने सगळा देखावा एका चढउताराच्या वाटेवरून दिसतो, वाटेच्या शेवटी उद्वाहक आहे, तर अर्जेंटिनाच्या बाजूला छोटी रेल्वे वरच्या पुलांजवळ नेऊन सोडते. पेरितो मोरेनोच्या पुलांवर पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरच्या सज्जातून न उतरताही बर्फाची भिंत समोर असते. दुर्बीण मात्र त्यांच्यासाठी वेगळी घ्या, आठपट मोठं दाखवणारी आणि हलकी. एकच दुर्बीण दोघांत फिरवत बसलात तर वासरू उठायच्या वेळी ती नेमकी तुमच्या हातात असेल.